जेनी ली : खाणकामगाराची मुलगी, मुक्त विद्यापीठाची शिल्पकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजकीय नेत्यांच्या सहचारिणींनी केलेल्या लोकसेवेविषयी मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले. हा विषय आपल्याकडे बहुधा एका ठरावीक साच्यात मांडला जातो. नेता तुरुंगात गेला तेव्हा तिने संसार ओढला, तो दौऱ्यावर असताना तिने आल्यागेल्याचे केले, आणि तो मोठा झाला तेव्हा ती मागे उभी राहिली. अखेर एखाद्या समारंभात तिला शालश्रीफळ देऊन 'त्यागमूर्ती' म्हटले की आपण मोकळे होतो. या त्यागाला मी कमी लेखत नाही. आपली चळवळ अशा असंख्य घरांच्या आधारावर उभी राहिली आहे. परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच. ज्या श्रमाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही, त्याची किंमत गौरवाच्या शब्दांनी कशी चुकती होणार?

म्हणून आज मी अशा एका स्त्रीविषयी बोलणार आहे, जिला जग दीर्घकाळ एका थोर नेत्याची पत्नी म्हणून ओळखत होते, पण जी त्याच्या आधी खासदार झाली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर जिने स्वतःच्या हिमतीवर एक विद्यापीठ उभे केले. ती स्त्री म्हणजे ब्रिटिश मजूर पक्षाच्या जेनी ली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारणारे अॅन्यूरिन बेव्हन हे त्यांचे पती. जेनी लींचे चरित्र आपल्याला परके नाही. आज नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एखाद्या अभ्यासकेंद्रात रविवारी वर्गाला बसणारी अंगणवाडी सेविका किंवा एस.टी.चा कंडक्टर ज्या कल्पनेचा लाभ घेत आहे, ती कल्पना प्रत्यक्षात उतरविण्यासाठी मंत्रिमंडळात झगडलेली ही बाई आहे.

जेनी ली यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातल्या लॉखगेली या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. वडील जेम्स ली खाणकामगार. आजोबा मायकेल ली हे फाइफच्या खाणकामगार संघटनेतले जुने कार्यकर्ते आणि केर हार्डी यांचे स्नेही. घराणे 'इंडिपेंडंट लेबर पार्टी'चे होते. मराठीत या नावाचे भाषांतर 'स्वतंत्र मजूर पक्ष' असेच होईल, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली याच नावाचा पक्ष मुंबई इलाख्यात स्थापन केला, तेव्हा घोटाळा नको म्हणून मी मूळ नावच ठेवतो. रविवारी या घरात पक्षाचे वक्ते उतरत. पुढे ज्यांच्या गटात जेनी लींनी संसदेत काम केले ते जेम्स मॅक्स्टन त्यांपैकीच एक. राजकारण ही घराबाहेरची, पुरुषांची बाब आहे, हे या मुलीला कोणी शिकविलेच नाही.

काउडनबीथ येथे शालेय शिक्षण झाल्यावर त्या एडिंबरो विद्यापीठात गेल्या. खाणकामगाराच्या मजुरीवर हे शक्य नव्हते. कार्नेगी ट्रस्टची आणि स्थानिक शिक्षण प्राधिकरणाची मदत मिळाली म्हणून शक्य झाले. एम.ए. (स्कॉटलंडात ही पहिलीच पदवी असते), कायद्याची पदवी आणि अध्यापनाची पदविका घेऊन त्या बाहेर पडल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्या बरोबरीने शाळेत बसलेली बहुतेक मुले चौदाव्या वर्षी खाणीत किंवा घरकामाला गेली. बुद्धी कमी म्हणून ती गेली नाहीत; घरात पैसा नव्हता म्हणून गेली. सार्वजनिक मदतीचा एक छोटासा हात एकीला मिळाला आणि बाकीच्यांना मिळाला नाही, एवढाच फरक होता. पुढच्या साऱ्या कार्याचे बीज मला या फरकात दिसते.

त्यांचे शिक्षण संपत आले असताना १९२६ चा मे महिना उजाडला. खाणमालकांनी मजुरी कमी आणि कामाचे तास जास्त अशा अटी घालून खाणींना टाळे ठोकले. कामगारांच्या पाठिंब्यासाठी देशभर सार्वत्रिक संप झाला; तो नऊ दिवसांत मागे घेतला गेला. खाणकामगार मात्र एकटे पडूनही महिनोन्महिने झुंजले आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, उपासमारीने खचून, मालकांच्या अटींवर कामावर परतले. लीकुटुंब या झळीतून सुटले नाही. पदवीधर मुलीने कोळशाच्या गावातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. अनवाणी, अर्धपोटी मुलांना व्याकरण शिकविणे हा तिच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा होता.

१९२९ च्या मार्च महिन्यात उत्तर लॅनार्क मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. जेनी ली यांनी ती जागा विरोधकांकडून जिंकून घेतली. वय चोवीस. गंमत पाहा, त्या वेळी तीस वर्षांखालच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क प्रत्यक्षात मिळालेला नव्हता. १९२८ च्या कायद्याने तो मान्य केला होता, पण नव्या याद्या त्या वर्षीच्या मे महिन्यातील सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू झाल्या. म्हणजे संसदेत बसण्यास पात्र, परंतु मत देण्यास अपात्र, अशी ही सर्वांत तरुण सदस्य होती. सभागृहात प्रवेश करताना सोबत कोणी असावे याबद्दल पक्षश्रेष्ठींची इच्छा त्यांनी मानली नाही. खाणकामगारांचे वृद्ध पुढारी रॉबर्ट स्मायली आणि मॅक्स्टन यांनाच त्यांनी बरोबर घेतले. पहिल्याच भाषणात त्यांनी अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या अंदाजपत्रकावर हल्ला चढविला. भाषण संपल्यावर खुद्द चर्चिल यांनीच त्यांचे अभिनंदन केले.

त्याच वर्षी मजूर पक्षाचे सरकार आले आणि जेनी लींची खरी परीक्षा सुरू झाली. जागतिक मंदी कोसळली, बेकारी वाढत गेली. बेकारभत्त्यातील तथाकथित विसंगती दूर करण्यासाठी सरकारने १९३१ साली कायदा आणला. त्याने विशेषतः विवाहित स्त्रियांचा भत्ता हिरावला गेला. मॅक्स्टन यांच्या ज्या गटाने याला कडवा विरोध केला, त्यात जेनी ली होत्या. आपलेच सरकार, आपलाच पंतप्रधान, तरीही विरोध! पुढे ऑगस्टमध्ये रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी विरोधकांशी हातमिळवणी करून 'राष्ट्रीय सरकार' बनविले. त्यानंतरच्या निवडणुकीत मजूर पक्षाचा धुव्वा उडाला आणि जेनी लींची जागाही गेली.

१९३२ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी मजूर पक्षातून बाहेर पडली. जेनी ली तिच्याबरोबर गेल्या. वेल्सच्या खाणीत वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास उतरलेले, १९२९ पासून खासदार असलेले अॅन्यूरिन बेव्हन मात्र मजूर पक्षातच राहिले. शुद्ध राहून दुर्बळ होण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या दोघांनी १९३४ च्या ऑक्टोबरात विवाह केला, तेव्हा ते दोन वेगवेगळ्या पक्षांत होते! जेनी लींनी पतीचे आडनावही घेतले नाही. पक्षफुटीचा अनुभव आपल्याला भरपूर आहे. फूट पडली की आपल्यात घरोबे तुटतात, लग्नकार्याची बोलावणी बंद होतात. मतभेद राखूनही माणसे जोडलेली ठेवता येतात, हे या जोडप्याने दाखविले. जेनी ली कालांतराने मजूर पक्षात परतल्या आणि १९४५ च्या निवडणुकीत कॅनॉकमधून निवडून आल्या. ती जागा त्यांनी १९७० पर्यंत राखली.

१९४५ ते १९५१ हा काळ बेव्हन यांच्या वैभवाचा. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध मोडून काढणारा हा मंत्री घरी येई तेव्हा त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालणारी, धीर देणारी सहकारी तेथे होती. कृत्रिम दात आणि चष्मे यांवर आकार लावण्याच्या प्रश्नावर बेव्हन यांनी १९५१ च्या एप्रिलमध्ये राजीनामा दिला, तेव्हा जेनी ली त्यांच्या मागे खंबीर उभ्या होत्या. या वर्षांत त्यांनी स्वतःची महत्त्वाकांक्षा जाणीवपूर्वक आवरली, दोघांपैकी एकाचे काम अधिक मोलाचे आहे असे मानले. हा निर्णय त्यांचा होता, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

पण या घराचा हिशेब एवढ्यावर पुरा होत नाही. पती मंत्री, पत्नी खासदार. मग स्वयंपाक कोण करीत होते? जेनी लींचे आईवडील स्कॉटलंड सोडून या दोघांबरोबर राहायला आले होते. घर चालवीत होत्या त्या जेनीच्या आई. पाहुण्यांचे जेवण, घरातली आवराआवर, दोन कार्यकर्त्यांचे कपडे आणि वेळा, सारे त्यांच्याकडे. जेनी लींना लोकसेवेसाठी जो मोकळा वेळ मिळाला, तो दुसऱ्या एका स्त्रीच्या बिनमोल श्रमातून आला. जेनी लींनी स्वतः कृतज्ञतेने आईविषयी लिहिले आहे, तरीही स्त्रियांचा प्रश्न वेगळा म्हणून मांडण्याकडे त्यांचा कल नव्हता. समाजवाद आला की तो सुटेल, अशी त्यांच्या पिढीची श्रद्धा होती. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या कार्यकर्त्यांचीही तीच होती. ती श्रद्धा अपुरी होती, हे आज आपण म्हणू शकतो.

६ जुलै १९६० रोजी बेव्हन निधन पावले. जेनी ली पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या जीवनाचा आधारच निखळला. अनेकांना वाटले, आता ही बाई पतीच्या आठवणींवर जगेल. आपल्याकडे अशा वेळी सहानुभूतीच्या लाटेवर एखादी जागा दिली जाते आणि तेथेच कथा संपते. जेनी लींची कथा मात्र येथून पुढे सरकली.

१९६४ च्या ऑक्टोबरमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांचे सरकार आले. त्यांनी जेनी लींकडे कलाविभाग सोपविला. असे खाते सांभाळणाऱ्या त्या ब्रिटनच्या पहिल्या मंत्री. १९६५ च्या फेब्रुवारीत त्यांनी कलाविषयक धोरणाची श्वेतपत्रिका काढली. तशी ती देशात प्रथमच निघत होती. त्यांच्या कारकिर्दीत कलापरिषदेचे अनुदान जवळजवळ तिप्पट झाले. नाटक, संगीत, चित्र ही लंडनच्या धनिकांची मिरास नाही, ती प्रांतोप्रांती पोहोचली पाहिजे, हे त्यामागचे सूत्र होते.

लवकरच दुसरे काम त्यांच्या वाट्याला आले. विल्सन यांनी १९६३ साली ग्लासगो येथील भाषणात 'आकाशवाणीवरील विद्यापीठा'ची कल्पना मांडली होती. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि टपाल यांच्या साह्याने घरबसल्या शिक्षण द्यावे, अशी ती ढोबळ कल्पना. पक्षातही तिला फारसा पाठिंबा नव्हता. शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांना ती पैशाची उधळपट्टी वाटे. वृत्तपत्रे थट्टा करीत. प्रौढांसाठी काही सुटसुटीत अभ्यासक्रम काढावेत, प्रमाणपत्रे द्यावीत, फार तर जुन्या विद्यापीठांच्या पंखाखाली एखादा विभाग चालवावा, असे सल्ले चहूकडून आले.

जेनी लींनी हे सारे फेटाळले. सल्लागार समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले आणि १९६६ च्या फेब्रुवारीत श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. प्रवेशासाठी कोणत्याही परीक्षेची अट नसावी, मिळणारी पदवी इतर कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीच्या तोडीची असावी, आणि संस्था स्वतंत्र सनद असलेले पूर्ण विद्यापीठ असावी, या तीन बाबतींत त्या तसूभरही मागे हटल्या नाहीत. कष्टकऱ्यांसाठी म्हणून काढलेली गोष्ट कमी दर्जाची असली तरी चालते, या समजुतीवरच त्यांचा राग होता. ज्या मुलीने एडिंबरोचे उत्तम शिक्षण मदतीच्या बळावर मिळविले, तिला आपल्या गावच्या लोकांसाठी दुय्यम माल मान्य होणे शक्यच नव्हते.

काळ तर अत्यंत प्रतिकूल होता. १९६६ च्या जुलैमध्ये सरकारने खर्चाला कात्री लावली. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंडाचे अवमूल्यन होऊन तो २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आला. अशा वेळी अर्थखाते नव्या योजनांवर प्रथम घाव घालते. जेनी ली कनिष्ठ मंत्री होत्या; परंतु पंतप्रधानांपर्यंत त्यांची थेट पोच होती आणि ती त्यांनी निःसंकोच वापरली. बेव्हन यांच्या नावाची पुण्याईही त्यांच्या पाठीशी होती. त्या पुण्याईचा उपयोग त्यांनी स्वतःची खुर्ची वाढविण्यासाठी न करता एका संस्थेसाठी केला. १९६७ मध्ये पीटर व्हेनेबल्स यांच्या अध्यक्षतेखाली नियोजन समिती नेमली गेली, वॉल्टर पेरी कुलगुरू झाले, आणि १९६९ मध्ये 'ओपन युनिव्हर्सिटी'ला राजसनद मिळाली.

१९७० च्या जूनमध्ये मजूर पक्ष हरला; जेनी लीही कॅनॉकमध्ये पराभूत झाल्या. या योजनेला मूर्खपणा म्हणून हिणविणारे इयन मॅक्लाउड नव्या सरकारात अर्थमंत्री झाले, पण महिनाभरातच त्यांचे निधन झाले. शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी विद्यापीठ मोडले नाही. याचे कारण साधे होते. तोवर सनद झाली होती, प्राध्यापक नेमले होते, अर्ज येत होते. १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनिशी शिकवणी सुरू झाली. आजवर वीस लाखांहून अधिक लोक तेथे शिकून गेले आहेत. सत्ता थोड्या दिवसांची असते. ती हातात असताना घोषणांपेक्षा संस्था पक्की करावी, म्हणजे विरोधकालाही ती मोडणे जड जाते.

आता या विद्यापीठाचे अर्थशास्त्र थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक धोका दडलेला आहे. उत्तम पाठ्यपुस्तिका तयार करणे, कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणे हा खर्च मोठा, पण एकदाच करावा लागणारा. नंतर विद्यार्थी हजार असोत की दहा हजार, तो फारसा वाढत नाही. म्हणून दरडोई खर्च पारंपरिक विद्यापीठापेक्षा कमी पडतो. परंतु उत्तरे तपासून त्यावर टिपणे लिहिणारा, अडलेल्याला समजावून सांगणारा शिक्षक मात्र संख्येच्या प्रमाणात लागतोच. काटकसर करू पाहणारे सरकार नेमके तेथेच हात घालते. शिक्षक काढला की उरते ते केवळ टपालाने आलेले पुस्तक. बहिःस्थ विद्यार्थ्यांच्या परीक्षा आपल्याकडे वर्षानुवर्षे झाल्या. त्यांत फॉर्म भरणे, मार्गदर्शक पुस्तक विकत घेणे आणि परीक्षेला बसणे यापलीकडे विद्यार्थ्याच्या हाती काय लागे, हे मी अध्यापकाच्या खुर्चीतून पाहिले आहे.

दुसरी मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षांत तेथे आलेल्यांत सर्वांत मोठा गट शाळाशिक्षकांचा होता. खाणीत, कारखान्यात राबणारे फार थोडे होते आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी होत्या. त्यांची संख्या नंतर वाढत गेली. दार उघडले तरी दारापर्यंत चालत येण्याची ताकद सर्वांत नसते. आठ तास राबून आलेल्याला, किंवा चूल, धुणे आणि मुले उरकलेल्या बाईला, रात्री पुस्तक उघडण्यासाठी वेळ लागतो, उजेड लागतो, घरच्यांची संमती लागते. या गोष्टी विद्यापीठाची सनद देऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. इंग्लंडात २०१२ पासून सरकारने अनुदान काढून घेऊन फीचा बोजा विद्यार्थ्यांवर टाकला. त्या दशकात अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. प्रवेशाची अट कोणी घातली नव्हती. फीनेच ती घातली. जेनी ली १६ नोव्हेंबर १९८८ रोजी निधन पावल्या, त्यांना हे पाहावे लागले नाही.

आपल्या देशात हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ साली, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि आपले नाशिकचे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. या संस्था आपल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी दक्ष राहणे हे आपले काम आहे. त्यांची फी वाढली, अभ्यासकेंद्रातला शिक्षक कमी झाला, पुस्तके वेळेवर आली नाहीत, तर तो रस्त्याच्या किंवा रेशनच्या प्रश्नाइतकाच आंदोलनाचा विषय मानला पाहिजे.

शेवटी दोन कामे सुचवितो. प्रत्येक शाखेने आपल्या गावात शिक्षण अर्धवट सुटलेली माणसे, विशेषतः स्त्रिया, शोधाव्यात, त्यांना अभ्यासकेंद्रापर्यंत न्यावे आणि परीक्षा होईपर्यंत त्यांची पाठ सोडू नये. दुसरे काम घरचे आहे. आज आपण येथे चार तास बसलो आहोत. या चार तासांत आपापल्या घरी कोण काम करीत आहे, याचा प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा आणि पुढच्या अभ्यासवर्गाला त्या व्यक्तीने येथे यावे, म्हणून त्या दिवशी घर आपण सांभाळावे. जेनी लींच्या आईला ती संधी मिळाली नाही. आपल्या घरातल्या बाईला ती देणे आपल्या हाती आहे.